पंतप्रधान होण्याआधीचे सर

बहरीनमध्ये, मनामा शहरातल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. नवरा आणि मुलगी वसईला. तिथल्याच झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर एक नर्स राहायची, पण तिची शुक्रवारीही, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशीही, ड्यूटी असे. म्हणून सुट्टी असली तरी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की मी डबा घेऊन ऑफिसात जाऊन बसायची. तिथे सर असायचेच.

सर आफ्रिकेतल्या एका लहानशा देशातले वकील. संपावर गेलेल्या गोदी कामगारांची बाजू त्यांनी कोर्टात मांडली, म्हणून तिथल्या लष्करी सरकारने त्यांची सनद काढून घेतली होती. बहरीनच्या कोर्टात त्यांना उभं राहता येत नव्हतं. ते आमच्याकडे जहाज कंपन्यांचे करार तपासायचे. कधीकधी एखादा करार हातात घेऊन उभे राहायचे आणि मोठ्याने वाचू लागायचे. ऐकायला मी एकटीच.

"मुलगी फोनवर काय म्हणाली?" ते विचारायचे.

"लाजते माझ्याशी बोलायला."

"माझ्या मुलाने परवा विचारलं, कोण बोलतंय?"

पुढे त्यांच्या देशातलं लष्करी सरकार गेलं, निवडणुका जाहीर झाल्या आणि त्यांच्या पक्षाने त्यांना बोलावून घेतलं.

"जाऊ का?" त्यांनी मला विचारलं.

"घरी जायला मिळतंय, तर जा ना, सर."

ते गेले. वर्ष उलटायच्या आत टीव्हीवर त्यांना शपथ घेताना पाहिलं. कोट तोच, ऑफिसातला.

"हे तुझे सर?" नर्सचा विश्वासच बसेना.

त्यानंतर एका शुक्रवारी ऑफिसातला फोन वाजला.

"तुम्ही असाल असं वाटलंच," सर म्हणाले.

मी अभिनंदन केलं. जेवलात का, असंही विचारून गेले.

"इथे माझं जेवण आधी दुसरा माणूस चाखून बघतो. मग मी एकटा बसून जेवतो."

"आणि मुलगा?"

"परदेशी शाळेत ठेवलाय. इथे धोका आहे."

त्यांचं सरकार फार टिकलं नाही. ते पुन्हा वकिली करायला लागले, रोज कोर्टात उभे राहतात, असं त्यांच्या जागी आलेल्या सुदानी वकिलाने मला सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. फ्लॅटवर येऊन हे कुणाला सांगावं, तर नर्स तोवर दुबईला गेली होती.