पांढऱ्या पिशवीतले कंद

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांना कापडाबद्दल कुणी काही सांगायला जाऊ नये. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती-कंबर त्यांनी नजरेनंच मापलेली असते. मी शेजारचा वह्या-पेनवाला. माझं पोट सुटल्याचं माझ्या आधी त्यांना कळलं, आणि त्यांनी ते चार माणसांत सांगितलं. बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून मात्र गळ्यात टेप आणि तोंडाला कुलूप.

दुकान पुढे, घर मागे. मशीन खिडकीशी आणि खिडकीखाली हातभर रुंदीचा मातीचा पट्टा. तो काकूंचा. त्यात दर उन्हाळ्यात निशिगंध फुलायचा आणि संध्याकाळी त्याचा वास इस्त्रीच्या वाफेत मिसळायचा. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "आली वाटतं तुझी फुलं." आतून उत्तर यायचं, "दोन दिवस झाले येऊन!" यंदा तो वास पुन्हा एकदा खिडकीत यावा, एवढंच मास्तरांना हवं होतं.

हंगाम संपला की काकू कंद उपटून, वाळवून, पिशव्यांत भरून माळ्यावर ठेवायच्या. पिशव्या उरल्यासुरल्या कापडाच्या, मास्तरांनीच शिवलेल्या. माळ्यावर दोन सापडल्या, एक पांढरी, एक लाल. मास्तरांनी विचारसुद्धा केला नाही. पांढऱ्यात निशिगंध आणि लाल पिशवीत मागच्या दारची लाल लिली, हे उघडच होतं त्यांना. पांढरी पिशवी त्यांनी खिडकीखाली रिकामी केली.

पानं फुटली तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, जरा रुंदच वाटतात हो."

"तुम्ही वह्या विका," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा असा खवचट शब्द ऐकला आणि मला बरंच वाटलं.

दांडा वर आला तसं त्यांनी स्टूल खिडकीकडे सरकवलं. एका सकाळी मला हाक आली. गेलो, तर खिडकीखाली चार लालभडक फुलं. मास्तर वाकून एकेका फुलाला नाक लावत होते.

"तुम्हाला येतोय का हो वास?"

मी वाकलो. ओल्या मातीचा येत होता. "नाही," म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

दुपारी परगावच्या लेकीचा फोन आला. मास्तरांनी तिला लाल फुलांचं सांगितलं. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"बाबा, आई कापड कुठे बघायची? ती नाडी बघायची. लाल नाडी म्हणजे लिली, पांढरी नाडी म्हणजे निशिगंध. तुम्हाला ठाऊक नाही? नाड्या तर तुम्हीच ओवायचात."

मास्तरांनी लाल पिशवी खाली उतरवली. नाडी पांढरीच होती. वेळेत मातीत न गेलेले कंद आत पार चिपाड झाले होते.

"नवे आणू की बाजारातून," मी म्हटलं.

"फुलं मिळतील हो." मास्तर पिशवी हातात धरून बसले. "दरवर्षी यायची आणि म्हणायची, तेवढी पांढरी नाडी घाला हं. मी म्हणायचो, कंदांना काय लग्नाला जायचंय? ती हसायची आणि जायची. तीस वर्षं, आणि मी एकदाही विचारलं नाही, का म्हणून." मग त्यांना रडू आवरेना. मी तापलेल्या इस्त्रीचं बटण बंद केलं.

हंगाम संपल्यावर त्यांनी लिलीचे कंद काढले, वाळवले, आणि एका शर्टातून उरलेल्या पांढऱ्या कापडाची पिशवी शिवली. मी बटणं लावून घ्यायला गेलो होतो. नाडी ओवायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला. सवयीनं त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग खणातून लाल नाडी काढून ओवली आणि गाठ मारली.

"लाल घातली हं," ते आतल्या खोलीला म्हणाले.