शेंगाचटणीचा नकार

मला संपादक केलं त्या दिवशी व्यासपीठावर सात जण बोलले आणि सातही जणांनी 'भविष्यातील आव्हाने' हे शब्द वापरले. एप्रिलचा महिना, सभागृहातला एसी बंद, आणि माझ्या अंगावर शाल. सोलापुरात एप्रिलमध्ये कुणाला शाल पांघरवणाऱ्याला खरं तर आमच्याच ओपीडीत घामोळ्यांच्या रांगेत बसवायला हवं. पण मी हसत होते, कारण फोटो काढणं चालू होतं.

आमचं त्वचारोगाचं त्रैमासिक आहे. लेख इंग्रजीत छापतो, भांडणं मराठीत करतो. सरांनी ते सुरू केलं आणि तीसेक वर्षं जवळजवळ एकट्याने चालवलं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्यांच्यासाठी आलेले लेख तपासून मत देणारी परीक्षक झाले. आता सरांना डोळ्यांनी दगा दिल्यावर खुर्ची माझ्याकडे आली. भाषणांत मला 'तरुण नेतृत्व' म्हटलं गेलं. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

आव्हानांचं म्हणाल तर ती पहिल्याच आठवड्यात मेलबॉक्समध्ये येऊन बसली. एकाला बढतीच्या मुलाखतीआधी लेख छापून हवा होता, मुलाखत पुढच्या सोमवारी. तीन वेगवेगळ्या गावांहून तीन लेख आले आणि तिघांची सुरुवात शब्दशः एकच, कारण तिघांनीही ते कॉम्प्युटरकडून लिहून घेतले होते आणि पाठवण्याआधी एकदा वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. परीक्षकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येत नव्हती. त्यातल्या एकाने उत्तर म्हणून मला 'शुभ सकाळ' आणि गुलाबाचं फूल पाठवलं. मी वैतागून मोबाइल उलटा करून ठेवला.

पण ही सगळी किरकोळ होती. खरं दुखणं कार्यालयातल्या स्टीलच्या कपाटात होतं. कार्यालय म्हणजे सरांच्या दवाखान्यावरची एक खोली. तिथे एक टायपिस्ट बाई सुरुवातीपासून काम करतात. विणकर घरातल्या, घरी तेलुगू, सरांशी मराठी, आणि कॉम्प्युटरशी बोलायची वेळ आली की काहीच नाही. त्यांनी कपाट उघडून दिलं. वरच्या खणात छापलेले लेख, मधल्या खणात छापायचे लेख. खालचे दोन खण गच्च भरलेले.

"हे कुठले?" मी विचारलं.

"हे चटणीचे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं उन्हाने त्यांना काहीतरी झालं. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सरांना कुणाला नाही म्हणता येत नाही. लेख नापसंत झाला की सर तसं कळवत नसत. लेखकाच्या पत्त्यावर शेंगाचटणीचं पाकीट जायचं, सोबत सरांच्या अक्षरातली चिठ्ठी, 'प्रकृतीस जपा'. लेख मात्र खालच्या खणात. "सगळ्यांना म्हाईत हाय की, मॅडम. चटणी आली की लेख गेला."

आता मला आठवलं. कॉन्फरन्समध्ये आपल्याकडचे डॉक्टर एकमेकांना 'काय, चटणी आली का?' म्हणून चिडवायचे. अकलूजच्या एका डॉक्टरने तर पाकीट मिळालं त्याच दिवशी लेख दुसरीकडे धाडून दिला होता. मी पण हसले होते तेव्हा. ही गंमत आहे असं मला वाटत होतं. ही आमच्या त्रैमासिकाची कामाची पद्धत आहे हे मला त्या कपाटापुढे उकिडवं बसल्यावर कळलं.

कारण वैद्यकातला एक नियम आहे. एका नियतकालिकाकडे दिलेला लेख, त्यांचा निर्णय येईपर्यंत दुसरीकडे पाठवायचा नसतो. ज्यांना चटणीचा अर्थ ठाऊक ते सुटले. ज्यांना नव्हता आणि जे नियम पाळणारे होते, ते बसले वाट बघत.

मी खाली दवाखान्यात गेले आणि सरांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. सर आरामखुर्चीत डोळ्यांत औषध घालून पडले होते.

"अगं, माणूस दुखावतो की," सर म्हणाले. "इतक्या कष्टाने लिहितो. त्याला काय सरळ नको म्हणायचं?"

"सर, तो वर्षानुवर्षं वाट बघत बसतो त्याचं काय?"

"कळतं गं लोकांना." आणि मग, डोळे मिटलेलेच ठेवून, "तू चटणीच्या ऐवजी दुसरं काही पाठव हवं तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी मला हातावरचा एक चट्टा बघून रोग्याचा धंदा ओळखायला शिकवलं, त्या माणसाला एवढं कळू नये? मी तशीच वर आले आणि सगळे खण उपसायला घेतले. प्रत्येक लेखकाला स्पष्ट पत्र जाणार, होय किंवा नाही, मी बाईंना सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि फॅन माझ्याकडे वळवला.

तिसऱ्या दिवशी दुधनीचा लेख हाती आला. तिथे दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टर बाईंचा, पाच वर्षांपूर्वीचा. आडत बाजारात पोती झाडणाऱ्या आणि शिवणाऱ्या बायकांच्या हातांवर कोपरापासून खाली बारीक पुरळ उठतं. डॉक्टर बाईंनी सलग चार हंगाम त्या बायकांना बघून लिहिलं होतं की नवं बारदान आलं की पुरळ येतं, जुन्या बारदानाने येत नाही, तेव्हा ताग मऊ करायला चोळलेल्या तेलाचा हा परिणाम असावा. इंग्रजी मोडकंतोडकं. तक्ते पट्टीने आखलेले. पण बघणं इतकं बारकाईचं की मी खुर्चीत नीट सरसावून बसले. हा लेख नापसंत करणारा गाढव कोण, म्हणून मी परीक्षकाचं मत शोधलं.

मत औषध कंपनीच्या पॅडच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेलं होतं. 'नवीन काही नाही. भाषा कच्ची. छापण्यायोग्य नाही.' अक्षर माझं होतं.

मला तो लेख आठवतही नव्हता. लेखाची पुढची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती, ती मी आता पहिल्यांदा सोडवली. म्हणजे तेव्हा मी पहिलं पान बघितलं, ते इंग्रजी बघितलं, आणि दोन पेशंटांच्या मधे तीन वाक्यं खरडून मोकळी झाले. खाली जाऊन सरांवर ओरडले होते त्याची मला इतकी लाज वाटली की टायपिस्ट बाईंनी चहा आणला तो मी पाठ फिरवूनच घेतला.

लेख तीनदा वाचला आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला तो घाईचा, मागे पेशंटांचा गलका. मी त्रैमासिकाची नवी संपादक, तुमच्या बारदानाच्या लेखाबद्दल बोलायचं आहे, असं सांगितलं.

"अय्यो, झाला का वाचून?" त्या म्हणाल्या. "थांबा हं, बाहेर येते."

पाच वर्षांनंतर कुणी असं विचारावं, आणि तेही आनंदाने. मी विचारलं, तुम्ही दुसरीकडे नाही पाठवलात?

"कसं पाठवणार? तुमच्याकडं हाय की. सरांनी चटणीपण धाडली होती. मी फोन करून थँक्यू म्हणलं. सर लई चांगलं बोलले, पाऊसपाणी विचारलं."

सरांनी पाऊसपाणी विचारलं! मी डोकं गच्च धरलं. पण आता सरांवर चिडायचा हक्क मी गमावला होता. मी डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. चटणी म्हणजे काय ते, आणि तो लेख नको म्हणणारी परीक्षक मी होते ते, आणि मी तो तेव्हा पूर्ण वाचलाच नव्हता तेही.

"आता वाचलात?"

"तीनदा."

"मग काय कमी हाय त्यात?"

मी सांगितलं. पुरळ तेलाचं की बारदानातल्या धुळीचं, हे लेखातून ठरत नाही. नव्या बारदानाचा एक तुकडा आणि धुऊन तेल काढलेला एक तुकडा त्याच बायकांच्या पाठीवर दोन दिवस चिकटवून बघायला हवा होता. तेवढं झालं असतं तर लेख पक्का होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"तवा सांगितलं असतं तर चार दिवसांचं काम होतं, मॅडम. बायका माझ्याच व्हत्या, रोज येणाऱ्या. आता तागाचं बारदान कुटं राहिलंय? बाजारात सगळी प्लॅस्टिकची पोती. पुरळ पण न्हाय."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी नेहमी करते तेच केलं, घाई. म्हणाले, तुम्ही काही करू नका. लेख आहे तसा छापते. पुढच्याच अंकात, पहिल्या पानावर. भाषा मी स्वतः सुधारते.

"नको," त्या म्हणाल्या. "मॅडम, तवा तुमी न वाचता नको म्हणलात. आता न तपासता हो म्हणताय. माझा लेख नीट तपासायचं काम कोण करणार मग?"

त्यांना आतून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, दोन ओळींचं, इंग्रजी अगदी स्वच्छ. लेख मागे घेत आहे, कारण तो अपुरा आहे. टायपिस्ट बाईंनी विचारलं, हे कुठल्या खणात ठेवू. मी ते घेतलं आणि माझ्या तीन वाक्यांच्या मताला टाचलं.