माशांच्या कांजिण्या

मंडळी, आज बायकोवर उगाच ओरडलो. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या दोन्ही क्लाऊनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तर ही कडुलिंबाचा पाला घेऊन टाकीत टाकायला निघाली.

"अगं, पाणी नासवतीस का?"

"पोरांना कांजिण्या आल्या तवा हाच पाला अंथरला होता की. अन् हे दुखणं घरात आणलं कुणी, सांगा!"

मीच. पंधरा दिवसांमागं क्रांती चौकातून नवा मासा आणला आणि वेगळा न ठेवता हौसेनं थेट टाकीत सोडला.

औषधानं टाकीतले प्रवाळ मरतात, म्हणून नव्या माशासकट तिघांना औषधाच्या टबात हलवलंय. दोघं अजून खात नाहीत. बायको टबापाशी बसून "खा रं बाबांनो" म्हणतेय.

हौस माझी, भोग त्या मुक्या जिवांना. तुमच्या हातून झालंय का कधी असं?