वायदा

"थांबा," म्हणायचे मास्तर, आणि उजवा हात असा वर धरायचे, पाची बोटं पसरून, जणू समोरून बसच येतेय. टाइप करणाऱ्या मुलीच्या पाठीमागे उभे असायचे, कागदाकडे बघायचेही नाहीत. बोट भलत्या अक्षराकडे निघालं की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं. कसं, ते मला विचारू नका. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचे कान डोळ्यांचं काम करतात.

अड्यारला आमच्या खालच्या मजल्यावर त्यांची टाइपिंगची इन्स्टिट्यूट होती, अगदी माझ्या स्वयंपाकघराखाली. आमच्या ह्यांची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही मिरजेहून इथे तमिळ मुलखात आलो, तेव्हापासून बावीस मशिनींच्या खडखडाटावरच माझ्या फोडण्या झाल्या. ह्यांच्या मागेही तो आवाज होता म्हणून घर ओकंबोकं वाटलं नाही.

मास्तर तंजावरकडचे. त्यांचं घराणं कधी तिकडे गेलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोलायचे मराठी, पण चाल तमिळची, आणि मधूनच "सरी", म्हणजे बरं, नाहीतर "परवाल्ले", म्हणजे असू दे. मी हसले की म्हणायचे, "अक्का, तुमची मराठी इस्त्रीची. आमची घरात नेसायची. धुवून धुवून मऊ झाली."

"आणि थोडी आखूडही," मी म्हणायची.

"सरी, आखूडही."

थोरले मालक वारले आणि त्यांच्या मुलाने केस घातली. त्याला जागा स्वतःसाठी हवी होती. खालच्या कोर्टात मास्तर हरले. दोन महिन्यांत जागा सोडा, असा हुकूम झाला. त्यांनी अपील केलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे, आता निकाल लागेपर्यंत कोण हात लावतोय.

"तसं नाही अक्का," मास्तर म्हणाले. "अपील वेगळं, स्टे वेगळा. अपील म्हणजे नवा कागद लावला. पण जुना हुकूम काय थांबला नाही, तो चालूच आहे. तो थांबवा म्हणून वेगळा अर्ज द्यायचा."

तो अर्ज त्यांनी स्वतःच टाइप केला. वकीलबाईंची ज्युनिअर म्हणाली, "सार, कॉम्प्युटरवर करते की मी." पण मास्तरांनी ऐकलं नाही. एक खाडाखोड नव्हती त्यात. मला दाखवायला वर घेऊन आले होते. मी म्हटलं, "मास्तर, एवढा सुंदर अर्ज कोण नाकारेल?" तर नुसते हसले.

त्यांना जन्मभराचा स्टे नको होता हो. अकरा मुली सरकारी परीक्षेला बसायच्या होत्या आणि परीक्षा दहा दिवसांवर आली होती. ज्या मशिनीवर हात बसलाय ती ऐन वेळी बदलली की वेग पडतो. "परीक्षेपुरता मिळाला तरी पुष्कळ," म्हणायचे.

सुनावणी पडली ती नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाचा अमीन ताबा घ्यायला येणार, हे ठरलेलं होतं. स्टे मिळाला तर तो यायचा नाही. म्हणून मास्तरांनी एक टेम्पो सांगून ठेवला. तिरुवान्मियूरच्या एका इन्स्टिट्यूटने मुलींसाठी एक खोली देऊ केली होती. जाताना मला म्हणाले, "अक्का, मी फोन करतो. स्टे मिळाला तर टेम्पो परत पाठवा. नाही मिळाला तर मशिनी चढवायला सांगा. हळू, एकेक."

दुपारी बारानंतर फोन आला. मागे माणसांचा हा कल्ला.

"अक्का, वायदा दिला."

"दिला? बरं झालं मास्तर," मी म्हटलं, आणि फोन तुटला.

आता तुम्हीच सांगा, वायदा म्हणजे काय? आमच्या मिरजेकडे वायदा म्हणजे कबुली, शब्द. कोर्टाने शब्द दिला, आणखी काय हवं? मी खाली गेले, टेम्पोवाल्याला ताक दिलं आणि परत पाठवलं. मुलींना साखर वाटली.

चार वाजता मास्तर आले. टेम्पो नाही, मशिनी जागच्या जागी. मुली जोरात टाइप करताहेत. दारातच उभे राहिले.

"टेम्पो आला नाही काय?"

"परत पाठवला. तुम्हीच म्हणालात ना, वायदा दिला."

मास्तर बाकावर बसले. इथल्या कोर्टात वायदा म्हणजे पुढची तारीख. नुसती तारीख. स्टे नाही, नकार नाही, काही नाही. चाळीस वर्षं झाली मला ह्या गावात, पण माझं तमिळ भाजीबाजाराचं, कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. टेम्पोवाल्याला फोन लावला तर तो ओरगडमच्या कारखान्याचा माल भरून निघालेला. दुसरा कुणी मिळेना. मला रडू आवरेना.

"परवाल्ले," ते म्हणाले. "शब्द आपलाच आहे अक्का. तुमच्याकडे नवा राहिला, आमच्याकडे झिजला."

सकाळी अमीन आला, बरोबर दोन पोलीस आणि हमाल. मशिनी फुटपाथवर आल्या. हळू नाही, एकेक नाही. कुणाचा रूळ वाकला, कुणाच्या कळा निखळल्या. मुली पलीकडे ओळीने उभ्या होत्या. मी गॅलरीत उभी, हातात पोळपाट, तो कशाला घेतला होता कोण जाणे.

अमीन यादी लिहीत होता. मास्तर शेजारी स्टुलावर बसले होते. एकदम त्यांचा हात वर गेला, पाच बोटं पसरून. "थांबा. टाइपरायटरचं स्पेलिंग चुकलं."

अमीन थांबला. खोडलं, नीट लिहिलं, "सॉरी सार" म्हणाला. मग पुढची मशीन बाहेर आली.

अकरातल्या चारच मुली पास झाल्या. स्टेचा अर्ज पुढच्या तारखेला निकाली निघाला. आता थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं कोर्ट म्हणालं, आणि ते खरंच होतं. अपील मात्र चालू राहिलं. मास्तर लेकीकडे शोळिंगनल्लूरला गेले, चौदाव्या मजल्यावर. तिथे त्यांच्या मोबाइलला रेंज नसते, आणि लेकीच्या घरी कोर्टाचे फोन नकोत, म्हणून वकीलबाईंकडे त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला. ज्युनिअरचा फोन आला की मी संध्याकाळी त्यांच्या लेकीच्या घरच्या फोनवर कळवायची. "मास्तर, वायदा." ते म्हणायचे, "सरी अक्का. थांबू."

खालच्या जागेला अजून कुलूप आहे. मालकाचा मुलगा काही आला नाही राहायला. फोडणी टाकली की ती चरचर एवढी मोठी ऐकू येते, मी दचकते.

मास्तर पोंगलच्या आधी गेले. लेकीने मला कळवलं. वकीलबाईंकडे कळवायचं तिच्या ध्यानात राहिलं नसावं, आणि मला ते जमलेलं नाही.

परवा ज्युनिअरचा फोन आला होता. "मामी, आज पण वायदाच. सारांना सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं.