बाँडच्या फॉर्मातला सहावा रकाना

आम्ही दुबईपलीकडे रास अल खैमाला गेलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती आणि आम्ही दोन वर्षांसाठी गेलो होतो. नवरा सिमेंट कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर. दोन वर्षं काढायची, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते फेडायचे आणि परत यायचं, असं ठरलं होतं. मुलगी सातवीत गेली तरी तेच ठरलेलं होतं. यात आमचं काही वेगळं नव्हतं. कारखान्याच्या कॉलनीत ज्याला विचारावं तो दोन वर्षांनी जाणार असायचा. कोणी नवा सोफा घेतला तरी लगेच सांगून टाकायचा, "तसे आता दोनच वर्षं आहोत म्हणा." सोफे झिजले, माणसं तिथेच होती.

शाळा भारतीय पालकांनीच चालवलेली, भाड्याच्या दोन व्हिलांमध्ये. तिसरीचा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा आणि फळ्याच्या बाजूला सिंकचे नळ तसेच होते. वर्ग आठवीपर्यंतच. नववीची परवानगी हवी तर प्रयोगशाळा हव्यात, म्हणजे स्वतःची इमारत हवी. ती नव्हती, म्हणून आठवी झाली की मुलं भारतात जायची, कोणी हॉस्टेलला, कोणी काका-मामांकडे. आमच्या मुलीसाठी सांगलीला माझ्या जाऊबाईंनी खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. जाऊबाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेजारणीची मुलगी आदल्या वर्षी गेली, आणि त्यानंतर महिनाभर ती बाई सकाळी सहाला डबा भरायला उठत होती. ते मी पाहिलं आणि ठरवलं, माझी पोर जाणार नाही.

जागा सरकारकडून मिळाली. बांधकामाचे निम्मे पैसे पालकांनी उभे करायचे आणि निम्मे बँकेने कर्जाऊ द्यायचे, असं ठरलं. पालकांचे पैसे बाँडमधून येणार होते. बाँड म्हणजे देणगी नव्हे. दोन हजार दिरहमचा एक कागद, व्याज नाही, आणि कुटुंब देश सोडून जाईल तेव्हा पैसे परत. मी पालक समितीत होते, कारण मला बोलायला लाज वाटत नाही. दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, घरोघर जाऊन मी हे समजावत असे.

"दोन हजार म्हणजे एकोणीस हजार रुपये झाले की हो, वहिनी," प्रत्येक घरात कोणीतरी तेव्हाच्या दराने मोठ्याने हिशेब करायचं.

"परत मिळणारेत," मी म्हणायची. "सोनं घेता तेव्हा नाही रुपयात मोजत."

चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं, पण चार महिन्यांत बाँड खपले. तोवर मुलीची आठवी सुरू झाली होती.

समितीचे खजिनदार केरळचे होते, सिरॅमिकच्या कारखान्यात अकाउंटंट. फॉर्म त्यांनीच बनवला होता. सहावा रकाना होता, 'परत कधी जाणार?' कोणत्या वर्षी किती पैसे परत करायला तयार ठेवायचे ते कळावं, म्हणून. या रकान्याचा त्यांना फार अभिमान होता. आम्ही दोघं फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बँकेत गेलो. तिथला अधिकारी एकेक फॉर्म उलटत गेला. निम्म्यावर आला आणि हसायला लागला.

"मॅडम, दो साल में तो आपका पूरा स्कूल इंडिया जा रहा है," तो म्हणाला. "बिल्डिंग में बैठेगा कौन?"

मी गठ्ठा ओढून घेतला आणि पाहिलं. खरंच, प्रत्येक फॉर्मवर दोन वर्षं. कागदोपत्री दोन वर्षांत सगळे बाँड परत करायचे होते आणि इमारत पुरी व्हायलाच दीड वर्ष लागणार होतं. अशा शाळेला कर्ज कोण देणार? त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. खऱ्या तारखा लिहून आणा म्हणाला.

गाडीत बसल्यावर खजिनदार म्हणाले, "मॅडम, मैंने भी दो ही लिखा है." त्यांना तिथे अठरा वर्षं झाली होती. मला हसू आलं, आणि लगेच आठवलं की आमचा फॉर्मही नवऱ्याने भरला होता. त्यातही दोनच.

पुन्हा घरोघर. पैसे काढून देणारी माणसं एक आकडा बदलायला तयार होईनात. एका बाईंनी सांगितलं, "दहा लिहिलं आणि गावी सासूबाईंच्या कानावर गेलं म्हणजे?" एका गृहस्थांचा तर पाराच चढला. "दहा वर्षं? इथेच मरायचंय का आम्हाला?" मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली तुम्हाला, अजून तरी ठणठणीत आहात." त्यांनी मला पुन्हा चहा विचारला नाही.

शेवटी आमचाच फॉर्म घेऊन नवऱ्यासमोर बसले. नवरा शांत माणूस, पण त्या दिवशी पेनाला हात लावेना.

"मी दहा लिहिणार नाही," तो म्हणाला. "एकदा लिहिलं की ते खरं होतं."

"मग लिहू नका. पोरीची बॅग भरते, सांगलीला फोन करते." माझा आवाज चढला होता. भीती होती ती, राग नव्हता, पण मला रागावताच येतं.

मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. "बाबा, यू सेड टू इयर्स व्हेन आय वॉज इन केजी," ती म्हणाली. "आय कॅन काउंट नाऊ."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग दोनाच्या आकड्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'मुलीची बारावी होईपर्यंत.' खाली सही केली आणि फिरायला निघून गेला.

मी तेच वाक्य घेऊन सगळीकडे गेले. आणि काय सांगू, स्वतःसाठी राहतोय असं कबूल न करणारी माणसं मुलासाठी मुकाट्याने लिहून द्यायला लागली. पारा चढलेल्या त्या गृहस्थांनीसुद्धा दारातच सही केली. त्यांचा धाकटा पहिलीत होता. आठवड्यात गठ्ठा बदलला. बँकेतल्या अधिकाऱ्याने पुन्हा एकेक पान पाहिलं आणि म्हणाला, "अब ठीक है. यल्ला, चलो, काम शुरू करो."

नववी सुरू झाली तेव्हा फक्त तळमजला तयार होता. वर प्लास्टर चालायचं, मुलगी केसांत सिमेंट घेऊन घरी यायची आणि बाप कारखान्यातून सिमेंट घेऊन. अशी चार वर्षं मिळाली. त्यात विशेष काही घडलं नाही. केसांवरून भांडणं, डब्यातल्या भाजीवरून भांडणं, बोर्डाची परीक्षा. मला त्या चार वर्षांचा आजही अभिमान वाटतो.

बारावी झाली आणि ती पुण्याला कॉलेजात गेली. पंधरा दिवसांनी खजिनदारांचा फोन आला. आमच्या बाँडची मुदत संपली होती. जाणार असाल तर चेक घेऊन जा, राहणार असाल तर नवा फॉर्म भरा.

आम्ही दोघं गेलो. फॉर्म तोच, सहावा रकानाही तोच. आता लिहायला बारावी नव्हती. मुलगी पुण्यात, फ्लॅट पुण्यात, हप्ते कधीच फिटलेले. नवऱ्याने पेन माझ्याकडे सरकवलं. पगार चांगला होता, घर लागलेलं होतं, पुण्यात जाऊन त्याने पन्नाशीत काय करायचं, हे सगळं खरं होतं. मी लिहिलं, 'दोन वर्षं.' लिहिताना मला लाज वाटली.

शुक्रवारी मुलीचा हॉस्टेलवरून फोन आला. तिने विचारलं, "व्हेन आर यू अँड बाबा कमिंग?" मी सांगितलं, दोन वर्षांत येतोच आहोत.



"दोन म्हणजे किती गं, आई?" तिने विचारलं. मराठीत.

मी तिला मेसच्या जेवणाचं विचारलं.