बर्फासाठीची जीप, सिंगापुरातून

मिरजेहून निघताना माझ्या धाकट्या भावानं, बापूनं, माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवलं. त्याचं मिरजेत गॅरेज आहे. "ताई, पत्र्यावर सगळीकडं लावून बघ. जिथं चिकटणार नाही तिथं पुट्टी भरलेली असती. ठोकून रंगवलेली गाडी गळ्यात घेऊ नको," त्यानं तीन वेळा बजावलं.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी ते चुंबक दोन बोटांत धरून विचारलं, "मॅडम, हे कशाला?"

"सिंगापूरला जुनी जीप घ्यायची आहे. तपासायला."

"जीप चालवणार कुठे?"

"बर्फात."

बाईंनी आधी माझ्याकडे, मग पासपोर्टवरच्या फोटोकडे पाहिलं आणि चुंबक परत दिलं.

त्यांचं चुकलं नाही. बर्फात चालवायची गाडी विषुववृत्तावर शोधायला जाणारी बाई त्यांना रोज भेटत नसणार. म्हणून आधी सांगते, हे कसं ठरलं ते. मी परिचारिका आहे. गेली नऊ वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण भागात, डोंगरातल्या एका लहान गावी नोकरी करते. तिथल्या दरीत दूरदूर पसरलेल्या घरांमध्ये जाऊन म्हाताऱ्या माणसांची मलमपट्टी, इंजेक्शनं, साखर तपासणं हे माझं काम. गेल्या हिवाळ्यात माझी छोटी गाडी बर्फावरून घसरून चरात गेली. काठावरच्या शंभरेक मेंढ्या चरायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी ज्यांच्या पायाची पट्टी बदलायला मी निघाले होते ते ब्याऐंशी वर्षांचे आजोबाच ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. रुग्णानं नर्सची सुटका केल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या दरीत पोचली. आमच्या साहेबीणबाई हसल्या, पण पुढे म्हणाल्या, "येत्या हिवाळ्याआधी चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घे. नाहीतर तुला दवाखान्यात कागद भरायला टेबलाशी बसवावं लागेल." त्या दरीतली माणसं सोडून टेबलाशी बसायचं या कल्पनेनं मला हुडहुडी भरली. आमच्याकडे तशा जुन्या गाड्या एक तर गंजलेल्या, नाहीतर माझ्या ऐपतीबाहेरच्या.

तेव्हा माझी नर्सिंग कॉलेजची मैत्रीण शोभा मदतीला आली. ती सिंगापुरात राहते. तिचे यजमान विलासराव जहाजावर चीफ इंजिनिअर आहेत. त्यांनी फोनवर समजावलं, "इथे गाडी रस्त्यावर ठेवायला परवाना लागतो. दहा वर्षांनी तो संपतो आणि नवा काढायचा म्हणजे डोळे पांढरे होतात. म्हणून धडधाकट गाड्या लोक परदेशी पाठवून देतात. तुमच्याकडेही स्टिअरिंग उजवीकडेच. सुट्टीवरून परत जाताना चार दिवस इथे उतरा."

तर अशी मी उतरले. सिंगापूरचा विमानतळ इतका गार होता की मला आपल्या डोंगरातच आल्यासारखं वाटलं. मग काचेचं दार सरकलं आणि चेहऱ्यावर कुणीतरी गरम ओला टॉवेल टाकला असावा तशी हवा अंगावर आली. शोभा दारातच उभी होती. "स्वेटर काढ आधी," हे तिचं स्वागताचं पहिलं वाक्य.

त्यांचा फ्लॅट सेरंगूनला, अकराव्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलावर विलासरावांनी कागद पसरला होता. त्यावर गाडीच्या तपासणीची एकेचाळीस कलमं होती. तीन महिने जहाजावर काढून ते घरी आले होते आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. "मिक्सरसुद्धा दोनदा उघडून झाला," शोभा हळूच म्हणाली. "तू आलीस, फार बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. शहराच्या कडेला जुन्या गाड्यांच्या विक्रीची एक सहा मजली इमारत आहे. चाळीत बिऱ्हाडं असावीत तशा प्रत्येक मजल्यावर गाड्या दाटीवाटीनं उभ्या. पहिल्याच दुकानात जेल लावलेल्या केसांचा तरुण विक्रेता धावत आला. त्यानं एक उंच, पांढरीशुभ्र, रुबाबदार गाडी दाखवली. मी भाळलेच.

"ही फोर व्हील आहे ना?" मी विचारलं.

"येस, फोर व्हील!" त्यानं गाडीभोवती फेरी मारून बोटानं दाखवलं. "वन, टू, थ्री, फोर!"

विलासराव तोवर इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरले होते. खालून त्यांचा आवाज आला, "मागच्या चाकांना ताकद द्यायला इथे काहीच नाही. ही नुसती दिसायला जीप आहे!" बाहेर आले तेव्हा पाठीवर ग्रीसचा मोठा नकाशा उमटला होता. शोभानं तो पाहिला आणि शांतपणे ती पुढच्या गाडीकडे वळली. लग्नाला तीस वर्षं झाली की असं जमत असावं.

पाच मजले झाले. चुंबकानं इमानानं काम केलं. एका गाडीच्या दारावर ते तीनदा लावलं आणि तीनदा घसरून पडलं. दुकानदारानं उचलून हातात देत म्हटलं, "आंटी, तुमचं मॅग्नेट खराब आहे."

सहाव्या मजल्यावर टॅन अंकल भेटले. सत्तरीचे, अंगानं बारीक, पायांत रबरी चपला. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक गडद हिरवी जीप उभी होती. दहा वर्षांत ती एका पियानो शिकवणाऱ्या बाईंनी फक्त घर ते शाळा एवढीच चालवली होती. "बाई गाडीशी फार हळू बोलायच्या," अंकल म्हणाले. चुंबक सगळीकडे चिकटलं. मी बापूला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकायला फोन बॉनेटवर ठेवायला सांगितलं. मिरजेत त्याच्या मागे कुणीतरी हातोड्यानं पत्रा ठोकत होतं. त्यामुळे इंजिनात बिघाड आहे की गॅरेजात काम चाललंय हे कळायला पाच मिनिटं गेली.

आता चारही चाकांचा जोर तपासायचा कसा? तिथे ना चिखल, ना चढ. बापूच म्हणाला, "अंकलना सांग, गाड्या उचलायच्या लिफ्टवर चढवा. चारी चाकं हवेत उचला आणि चारींना जोर द्यायची दांडी टाका." अंकलना मराठी कळत नव्हतं, पण हातवारे कळले. जीप हवेत उचलली गेली. आत बसलेल्या विलासरावांनी दांडी ओढली. दहा वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. ती कुरकुरली, खट्ट आवाज झाला आणि चारही चाकं एकदम फिरायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. अंकलनीही वाजवल्या. "मीसुद्धा पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण जीप खाली उतरता उतरता मी सहज विचारलं, "हीटरचं बटण कुठलं?"

अंकलनी कपाळाला आठ्या घातल्या. "हीटर? कशाला?"

मी आत वाकून पाहिलं. हवेच्या बटणाभोवती निळी पट्टी होती. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. विलासरावांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना करतात तसा चेहरा केला. "मंगलताई, या गाडीत हीटर बसवलेलाच नाही. इथल्यासाठी बनवलेली गाडी. इथे कोण लावणार?"

आमच्याकडे हिवाळ्यात काचेवर आतून बर्फ धरतो. हीटर नसला तर दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. मी तशीच पायरीवर बसले. पाच मजले पायाखाली गेले होते, दोन दिवसांनी माझं विमान होतं आणि डोळ्यांसमोर दवाखान्यातलं ते टेबल दिसायला लागलं.

अंकलनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "चला, आधी कोपी," ते म्हणाले. खाली कोपीटियाम (चहा-कॉफीचं जुन्या वळणाचं दुकान) होतं. त्यांनी माझ्यासाठी काया टोस्ट (नारळ आणि अंड्याचा गोड लगदा लावलेला भाजका पाव) मागवला आणि मग शांतपणे विचारलं, "थंडीत त्या डोंगरात तुम्ही जाता कशाला?"

मी सांगितलं. आजोबांची जखम, साखर एकदम उतरणाऱ्या बाई, शेवटच्या घरातलं एकटं जोडपं. माझं इंग्रजी मिरजेच्या ठसक्याचं, त्यांचं सिंगापुरी. पण त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "मी बर्फ कधी पाहिला नाही. पडताना आवाज येतो का?"

"नाही," मी म्हटलं. "उलट आधी होते ते आवाजही थांबतात."

त्यांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी फोन काढला आणि चिनी भाषेत एकामागून एक चार जणांशी भांडल्यासारखं बोलले. फोन ठेवून म्हणाले, "याच मॉडेलची एक गाडी जपानहून वापरलेली आली होती. अपघातात गेली. भंगारात पडली आहे. जपानात थंडी असते की, लाह! तिच्यात हीटर असणार."

हीटर होता. संध्याकाळपर्यंत तो सहाव्या मजल्यावर आला. तो बसवायला मात्र पुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता. अंकलचा मेकॅनिक "नको, फार कटकट" म्हणाला आणि विलासरावांचे डोळे चमकले. "जहाजाचं इंजिन भर समुद्रात उघडलंय मी. हे काय!" शोभानं माझ्या कानात सांगितलं, "आता त्यांना घरी न्यायचं नाव काढू नकोस. आपण उद्या उबीनला जाऊ."

म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे जीपची आतडी बाहेर निघत होती आणि इकडे आम्ही दोघी बमबोटीतून (प्रवासी लाकडी मोटरबोट) पुलाउ उबीनला गेलो. या बेटावर कांपोंग (जुनी लाकडी घरांची वस्ती) अजून टिकून आहे. भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही नारळीच्या आणि रबराच्या झाडांतून हिंडलो. शोभानं थालीपिठं बांधून आणली होती. एका बाकावर पिशवी ठेवून सायकलची चेन चढवायला वाकलो, तेवढ्यात झुडपातून एक रानडुक्कर आलं. त्यानं अतिशय सभ्यपणे पिशवी तोंडात धरली आणि घाई न करता निघून गेलं. मागून तीन पिल्लंही गेली.

"लोण्याचा डबासुद्धा नेला गं!" शोभा ओरडली. मग आम्ही दोघी चिखलात बसून इतक्या हसलो की शेजारून जाणारं एक जोडपं सायकलवरून उतरून विचारायला आलं, मदत हवी का म्हणून.

शेवटच्या दिवशी दुपारी अंकलचा निरोप आला, "रेडी." आम्ही पोचलो तेव्हा डॅशबोर्ड जागेवर होता आणि विलासरावांच्या तळहातावर चार स्क्रू उरले होते. "हे जास्तीचेच होते," ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले.

आता परीक्षा. मी, विलासराव आणि टॅन अंकल आत बसलो. शोभानं आत यायला साफ नकार दिला. काचा बंद केल्या, इंजिन तापू दिलं आणि बटण फिरवलं. बाहेर रस्ता उन्हानं भाजत होता. आत आधी धुळीचा वास आला, मग कोमट वारा, मग भट्टी! विलासरावांचा चष्मा नाकावरून घसरला. अंकलच्या गळ्यावरून घामाचे ओघळ उतरले. पण कुणी दार उघडेना. प्रत्येकाला वाटत होतं, अजून एक मिनिट, खात्री होऊ दे.

काचेवर टकटक झाली. इमारतीचा पहारेकरी डोळे बारीक करून आत बघत होता. "अंकल! एअरकॉन खराब झाला का?"

टॅन अंकलनी काच खाली केली. लाल चेहऱ्यानं, ओल्या शर्टानं, विलक्षण अभिमानानं ते म्हणाले, "नाही! हीटर चालतोय!"

पहारेकऱ्यानं दोन पावलं मागे घेतली.

व्यवहार तिथेच पुरा झाला. हीटरचे वेगळे पैसे अंकलनी घेतले नाहीत. "तो भंगारातला," म्हणाले. विलासरावांना मी मजुरी विचारली तर ते दुखावले. मग शोभानंच तोड काढली, "त्यांना एक बिघडलेलं काहीतरी पाठवून दे." जीप जहाजात चढवायची जबाबदारी अंकलनी घेतली आणि मी विमानात बसले.

गाडी आमच्या बंदराला लागली ती हिवाळ्याच्या तोंडावर. तपासनीसाला सीटखाली एक वाळलेलं ऑर्किडचं फूल सापडलं; बाहेरचा झाडपाला आमच्या देशात येऊ देत नाहीत, म्हणून सगळी गाडी पुन्हा धुवायला लागली. मला ती मिळाली आणि पाचव्याच दिवशी बर्फ पडला.

सकाळी दार ओढलं तर उघडेना. दहा वर्षं उकाड्यात काढलेले दाराचे रबर एका रात्रीत गोठून पत्र्याला चिकटले होते. चारही दारं तशीच. फक्त डिकी उघडली. मी चोपन्न वर्षांची, वजनाबद्दल विचारू नका. गणवेशात, हातात औषधांची पेटी घेऊन डिकीतून चढले आणि दोन सीटांवरून सरपटत स्टिअरिंगपाशी पोचले. दांडी टाकली, हीटर लावला. काच स्वच्छ झाली आणि जीप वरच्या वाटेला अशी निघाली, जणू जन्मभर बर्फातच वाढली होती.

दरीच्या शेवटच्या घराशी पोचले तरी माझं दार काही सुटलं नव्हतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई पायरीवर शाल गुंडाळून उभ्या होत्या. रात्रीपासून नवऱ्याची साखर वरखाली होत होती आणि बर्फाखाली गेलेला रस्ता पाहून त्यांनी कुणी येईल ही आशा सोडली होती. त्यांनी पाहिलं की जीप आली, थांबली, आणि नर्स पुढून न उतरता मागून, डिकीतून, आधी पाय मग बाकीची अशी बाहेर आली. त्यांनी पुढे येऊन माझी पेटी हातात घेतली आणि माझा हात घट्ट धरून मला आत नेलं.

त्यांच्या नवऱ्याची तब्येत तासाभरात सावरली. चहा पिताना मी खिडकीतून बाहेर पाहिलं. हिरव्या टपावर बर्फ साचत होता. ही गाडी इथवर आणायला ज्यांनी घाम गाळला, अगदी शब्दशः गाळला, त्यांपैकी एकानंही हा डोंगर पाहिला नव्हता. टॅन अंकलनी तर बर्फही नाही. ज्या थंडीची त्यांना कल्पनाही करता येत नव्हती, तिच्यापासून मला वाचवायला ते त्या बंद गाडीत घामाघूम होऊन बसून राहिले होते. प्रवासाला निघताना मला वाटत होतं, आपण एक स्वस्त गाडी आणायला चाललोय.

"अजून एक कप?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दारं सुटेपर्यंत वेळच वेळ आहे."