पाच चाळीसचा वारा

आमच्या गच्चीवर पवनचक्की आहे, हे मी कॉलेजात कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, तिच्यावर काय चालतं? काहीच चालत नाही. बाबांनी ती आईचे हात गरम करण्यासाठी बसवली होती.

आई तेव्हा लाख वाती वळत होती. त्याआधीच्या वर्षी बाबांच्या छातीत डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा टाकल्या. ऑपरेशन चालू असताना आईने हॉस्पिटलच्या बाकावर बसून महादेवाला लाख वातींचा नवस बोलून टाकला. वात आपल्याच हाताने वळायची, अंघोळ करून सोवळ्यात वळायची, विकतची चालत नाही, लेकीने वळलेलीही चालत नाही. महाशिवरात्रीला सगळ्या वाती तुपात भिजवून जाळायच्या, तेव्हा नवस फिटतो.

बाबा देवाधर्माच्या वाटेला जात नाहीत. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "स्प्रिंगा डॉक्टरनं टाकल्या. मंग वाती महादेवाले काहून?"

"डॉक्टर वाती घेते का?" आई म्हणाली. विषय तिथेच संपला.

उन्हाळ्यात ती दिवसाला पाचशे वाती वळायची. दिवाळीनंतर आकडा घसरायला लागला. तिला संधिवात आहे. आमच्या नागपूरच्या नातेवाइकांना रायपूरच्या थंडीचं हसू येतं, पण रायपूरची घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात, आणि डिसेंबरातल्या पहाटे ती इमानदारीने गार राहतात. फरशीवर पाय ठेवला की टाळूपर्यंत खबर जाते. सकाळी आईची मूठ मिटत नसे, तिथे वात काय वळणार?

उपाय सगळे करून झाले होते. इकडे थंडीत घरोघरी गोरसी पेटवतात, मातीच्या भांड्यात निखारे घालून. पण आईला दमा आहे, धूर चालत नाही. हवा फेकणारा हीटर मी आणला, त्याने पहिल्याच दिवशी दीडशे वाती खोलीभर उडवल्या. लाल तारांचा आणला तर कापसाजवळ ठेवायची भीती. गरम पाण्याची रबरी पिशवी आईने सोवळ्यात हातात धरली नाही. लोखंड मात्र चालतं म्हणाली. हा नियम कुठे लिहून ठेवलाय ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

"लोखंड चालते ना?" बाबा म्हणाले आणि उठले.

बाबा रेल्वेत होते, डब्यांतल्या दिव्यांच्या खात्यात. जुन्या डब्यांखाली चाकाच्या आसाला पट्टा लावलेलं एक यंत्र असे. गाडी पळाली की ते फिरायचं आणि डब्यातले दिवे-पंखे त्यावर चालायचे. उभी हयात त्या पट्ट्यांखाली काढल्यामुळे जगाबद्दल त्यांचं एकच मत बनलं होतं. कोणतीही वस्तू फिरते आणि फिरली की वीज देते, फक्त कोणीतरी फिरवणारा पाहिजे.

शंकर नगरातल्या एका जिमने भंगारात काढलेली ट्रेडमिलची मोटर त्यांनी मिळवली. प्लास्टिकचा जाड पाइप उभा कापून तीन पाती केली. पाती आणि मोटर यांच्यामध्ये सायकलची चेन बसवली. कामावरची बुटांच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी काढली, तिच्यात वाळू भरली, वाळूत तापणारी तार पुरली, वर कडप्प्याचा तुकडा बसवला. पेटी खाली आईच्या पाटाजवळ ठेवली आणि गच्चीवरून तिच्यापर्यंत वायर आणली. बॅटरी नाही, काही नाही. वारा आला की पाती फिरतील, तार तापेल, कडप्पा गरम होईल आणि आई त्याच्यावर हात ठेवेल.

"दिव्याचे लय नखरे असतात," ते मला समजावून सांगत होते. "वीज कमीजास्त झाली का मिचमिच करते. तारेचं तसं नसते. थोडी आली, थोडी तापली. जास्त आली, जास्त तापली. गरमी करणं सगळ्यात सोपं काम आहे, पोरी."

शेजारच्या भैयांनी त्यांच्या गच्चीवरून बराच वेळ निरीक्षण केलं. "काकाजी, ये बंदर भगाने के लिए है?"

"हव," बाबा म्हणाले. त्यांना दोनदा समजावून सांगायचा कंटाळा येतो.

नोव्हेंबरात कुठेतरी समुद्रात वादळ झालं आणि त्याचा शेपटा दोन दिवस रायपूरवर फिरला. पाती अशी गरगरली की कबुतरांनी मोहल्ला सोडला. पेटी चहाच्या कपाइतकी गरम झाली. आईने त्या दिवशी चारशे वाती वळल्या आणि बाबा एक पोळी जास्त जेवले.

मग डिसेंबर आला. आमच्याकडे डिसेंबरात हवा जाग्यावरून हलत नाही. वाळत घातलेला रुमाल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच घडीत राहतो. वारा म्हणाल तर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना येतो. हे रायपुरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं, पण त्यांचा तलावावर भरवसा होता. तेलीबांध्याचा तलाव आमच्या घरापासून जवळ आहे आणि पाण्यावरून वारा येतोच, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." हे ती त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाली.

बाबांनी वाऱ्याची नोंदवही ठेवली. वेळ, दिशा, पेटीची अवस्था. सलग सोळा दिवस त्यांनी रकान्यात 'शून्य, शून्य, थंड' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. आईच्या वाती दिवसाला साठवर आल्या. महाशिवरात्रीला आणखी नऊ हजार हव्या होत्या. ती बोटं काखेत दाबून बसायची, मग एक वात वळायची, मग पुन्हा काखेत. मला ते पाहवत नसे, म्हणून मी वर्तमानपत्र वाचायची.

सतराव्या दिवशी पेटी गरम झाली.

खूप नाही, कोमट. पण आईची बोटं सुटली आणि आकडा दीडशेवर गेला. दुसऱ्या दिवशीही गरम, तिसऱ्याही. बाबा चहा पिताना तलावाबद्दल चार शब्द बोलले. मला आनंद झाला आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं, कारण मी त्या चक्कीची मनातल्या मनात पुष्कळ टवाळी केली होती.

आठवडाभराने रविवारी मी सहज ती नोंदवही चाळली. वाऱ्याची वेळ: पाच चाळीस ते सहा दहा. त्याआधीच्या दिवशी: पाच चाळीस ते सहा दहा. सात ओळी, एकच वेळ. दुसऱ्या कोणी खोटा वारा लिहिला असता तर कधी सहा, कधी साडेसात असं काहीतरी लिहिलं असतं. बाबांना ते सुचणं शक्य नव्हतं. त्यांच्या हाताला वेळापत्रकाशिवाय लिहिताच येत नाही.

सोमवारी पावणेसहाला मी जिना चढले. गच्चीवर धुकं होतं. बाबा मफलर गुंडाळून पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभे होते. चेनच्या चक्राला त्यांनी एक दांडा बसवला होता आणि दोन्ही हातांनी तो फिरवत होते. पाती सोडवून बाजूला ठेवलेली होती. दहा-बारा फेरे झाले की थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, घड्याळ पाहायचे, पुन्हा फिरवायचे. डॉक्टरांनी त्यांना पहाटेच्या थंडीत बाहेर पडायचं नाही आणि जोराचं काम करायचं नाही, असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं.

मी घाबरले होते आणि तितकीच चिडलेही होते. हाक मारली तर दचकतील, म्हणून तशीच खाली आले. आई अंघोळ करून देवाजवळ बसली होती.

"आई, वर वारा नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"चेन वाजते. मले अंथरुणातून ऐकू येते." तिने आवाज खाली आणला. "चार दिवसांपासून मी हेच इचार करून राहिली, त्याईले थांबवू कसं. माहीत आहे म्हटलं तं माणूस मरून जाईल लाजेनं. नाही म्हटलं तं वर मरून जाईल."

सव्वासहाला बाबा खाली आले. कपाळावर घाम होता, तो त्यांनी मफलरने पुसला. मी पोहे वाढले. आईने पेटीवर हात ठेवला आणि एकदम मागे घेतला.

"अहो, ऐकता का? हे पेटी लय गरम होऊन राहिली. चटका बसला मले. काल बी बसला होता."

बाबांचा चमचा हवेत राहिला. "चटका?"

"फोड यायचा होता. आता नको मले हे. माह्या बोटाले जेवढी पाहिजे होती तेवढी ऊब भेटली. बंद करा तुमची चक्की."

बाबांनी पेटीला हात लावून पाहिला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सगळे पोहे संपवले. नोंदवही काढून त्या दिवशीच्या ओळीत लिहिलं: 'क्षमतेपेक्षा जास्त उष्णता. यंत्र थांबवले.' दुपारी त्यांनी दांडा काढून ठेवला आणि चक्कीवर ताडपत्री बांधली. शेजारच्या भैयांना सांगितलं की एवढी ताकद घरात बरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सात वाजेपर्यंत झोपले. घोरण्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. आई पाटावर बसून वात वळत होती, म्हणजे वळायचा प्रयत्न करत होती. अंगठा आणि बोट जुळत नव्हतं. कापूस निसटून मांडीवर पडत होता.

"दुखतात ना गं?" मी विचारलं.

"दुखतात तं. काय करू?" तिने कापूस उचलला. "घोरून राहिले, ऐक. तिकडं वर काही झालं असतं तं मी ह्या वाती कोणासाठी जाळणार होती?"

मी तिचे हात धरायला पुढे झाले. तिने ते चटकन मागे घेतले. माझी अंघोळ झाली नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाच वाजता उठून अंघोळ केली आणि ओल्या केसांनी तिच्यासमोर बसले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, कापूस बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. मी ते माझ्या तळव्यांत धरून चोळायला लागले. बोटं सरळ व्हायला बराच वेळ लागला.